नव्या सरांसाठी: कापूस, काटा आणि मातीचे बैल

सर, शाळेत रुजू झाल्याबरोबर आनंद मेळावा लावू नका. भजी आया तळतात, पोरं नुसता गल्ला धरून बसतात. जानेवारीत करा, सुट्टे मोजता यायला लागले की.

त्यापेक्षा वेचणी सुरू झाली की प्रत्येकाला घरून ओंजळभर वाळलेला कापूस आणायला सांगा. किराणा दुकानातून वजनकाटा मागून आणा. चौघांच्या गटाला 100 ग्रॅम तोलून द्या आणि सरकी, म्हणजे कापसातलं बी, बोटांनीच काढू द्या. नखं दुखतात, कुरकुर होते. दोन तासिका गेल्याच समजा. मग रुई, म्हणजे बी काढलेला कापूस, आणि सरकी वेगळी तोला. रुई साधारण 35 ग्रॅमच्या आसपास भरते, ढीग मात्र तिचाच मोठा! माझ्या वर्गातल्या एका पोरीने तर काटा बिघडला म्हणून तीनदा तोलून पाहिलं. वजन अन् आकारमानातला फरक मला फळ्यावर कधी इतका शिकवता आला नव्हता.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याला, मातीचे बैल जरूर करा. पण आपली काळी माती वाळताना तडकते. पहिल्या वर्षी माझ्या वर्गातले सगळे बैल लंगडे झाले होते. रेती मिसळा, आणि ती आदल्या दिवशीच चाळून ठेवा.