‘नाटक करतेय का हो ही?’

मुलीला बाहेरच्या बाकावर बसवून आई आत आली आणि दार नीट लागायच्या आधीच तिने विचारलं, “मॅडम, नाटक करतेय का हो ही?”

पावलाचं ऑपरेशन होऊन साडेतीन महिने झाले होते. जखम भरली होती, एक्स-रे चांगला होता, सर्जन म्हणत होते, चालू द्या. आणि १२ वर्षांची मुलगी डावा पाय टेकवायला तयार नव्हती. मी समुपदेशक आहे. ऑपरेशननंतर अशा अडकून बसलेल्या मुलांचे आईवडील हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून हे लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय. मुलीला आपण चिऊ म्हणू.

चिऊच्या टाचेचं हाड आणि कमानीतलं एक छोटं हाड यांच्यात जन्मापासून जोड होता. लहानपणी तो कूर्चेचा असतो, त्यामुळे पाऊल वळतं. साधारण ८ ते १२ या वयात त्याचं हाड होऊ लागतं, मग पाऊल ताठरतं, दुखतं, खडबडीत जमिनीवर घोटा सारखा मुरगळतो. साध्या एक्स-रेत हा जोड निसटू शकतो, तिरप्या काढलेल्या एक्स-रेत सापडतो. चिऊचा तो तिरपा एक्स-रे निघायला दोन वर्षं लागली. तोवर बाम, शेक, क्रेप बँडेज आणि घरी-शाळेत एकच शेरा: पीटीचा तास बुडवायची नाटकं.

म्हणजे आईने मला विचारलेला प्रश्न चिऊ दोन वर्षं ऐकतच होती.

पहिल्या दिवशी ती बोललीच नाही. ऑपरेशननंतर घेतलेल्या तिच्या नव्या चपला दाराशी होत्या. उजवीची टाच झिजलेली, डावीच्या तळाला दुकानातली किमतीची चिठ्ठी अजून तशीच. आई सोबत बसली तेवढ्या अर्ध्या तासात “दुखतंय का गं?” सहा वेळा झालं. (मोजायची मला वाईट खोड आहे.)

तिसऱ्या भेटीत कागदावर गिरगोट्या मारता मारता, मान वर न करता ती म्हणाली, “मी आता धावले ना, तर सगळे म्हणतील, बघा, हिला काही झालंच नव्हतं.”

पाय बरा होणं तिला परवडत नव्हतं. लंगडणं हा तिच्याकडचा एकमेव पुरावा होता.

आणि दुखत होतं ते खरंच दुखत होतं. दोन वर्षं धोक्याची घंटा वाजवत राहिलेली मज्जासंस्था ऑपरेशनमध्ये तो जोड कापला म्हणून लगेच गप्प बसत नाही. त्यात पाय वापरला नाही की पोटरी बारीक होते, घोटा आखडतो, मग टेकवला की दुखतोच, आणि भीती खरी ठरते. मात्र पाऊल सुजणं, रंग बदलणं, एकच पाय गार किंवा गरम लागणं, चादरीचा स्पर्शही न सोसणं, यातलं काही असेल तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्यावर लवकर उपचार लागतात. सर्जनने हे तपासल्याशिवाय समुपदेशकाने पुढे जाऊच नये, असं माझं मत आहे. चिऊचं तपासून झालं होतं.

पुढच्या वेळी बाबांना बोलावलं. ते जुना एक्स-रे घेऊन आले, खिडकीशी धरून म्हणाले, “हे बघ, इथे होतं. तू खरं सांगत होतीस, मीच ऐकलं नाही.” चिऊने बघितलंही नाही. ओढणीचं टोक पिळत बसली. पण घरी गेल्यावर तो एक्स-रे तिने मागून घेतला आणि आपल्या कपाटात ठेवला.

मग घरात “दुखतंय का” बंद. त्याऐवजी “आज काय काय केलंस?” आईला जमलं, आजीला फार जड गेलं, त्या देवघरातून नुसत्या बघत राहायच्या. फिजिओथेरपिस्टने परातीत तांदूळ घालून त्यात पाऊल फिरवायला दिलं. खोलीपासून ओट्यापर्यंत १२ पावलं, दर तीन दिवसांनी दोन वाढवायची. दुखलं तरी तेवढीच, बरं वाटलं तरी तेवढीच. यातलं दुसरं अर्धं पाळणं जास्त कठीण. एका रविवारी चिऊने खुशीत सोसायटीला तीन चकरा मारल्या आणि पुढचे दोन दिवस पलंगावर. आईचा रडवेला फोन, “परत पहिल्यापासून?” नाही. शनिवारी जितकी पावलं होती, तिथूनच पुढे.

याला पाच महिने लागले. पावसात ओल्या जिन्यावर ती अजून कठडा धरते. मागच्या आठवड्यात आईने कळवलं, शाळेच्या लंगडीच्या संघात चिऊला घेतलंय. कोणत्या पायावर, हे अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.