मुंबई-पुण्याच्या इराण्याकडे पहिल्यांदा जायचंय : किती वाजता जाऊ, काय मागवू?

प्रश्न : "नागपूरहून पुढच्या महिन्यात दोन दिवस मुंबई आणि एक दिवस पुणे असं येणं आहे. इराणी हॉटेलातला चहा, बनमस्का, मावा केक एकदा नीट चाखायचा आहे. एकटीच असेन. कुठे आणि किती वाजता जाऊ, काय मागवू, आणि तसा चहा घरी जमतो का?"

हॉटेल कुठलं ते नंतर बघू, आधी वेळ ठरवा. इराण्याकडून जे हिरमुसून परततात ते बहुतेक चुकीच्या वेळी गेलेले असतात. तिथल्या चांगल्या गोष्टी भट्टीच्या आणि गर्दीच्या घड्याळावर चालतात. सकाळी सात ते नऊ ही पहिली वेळ, दुपारी चार ते साडेपाच ही दुसरी. पाव पहाटेच्या घाण्याचा असतो आणि बऱ्याच ठिकाणी दुपारनंतर दुसरा घाणा निघतो. चहाचंही तसंच. गर्दीत भांडं सतत रिकामं होतं, म्हणून कपात येतो तो नुकता झालेला चहा. दुपारी अडीचला गल्ल्यावर पेंग आलेली असते, तेव्हा तासभर मंद आचेवर बसलेला चहा पुढ्यात येतो. तो काळपट दिसतो, जिभेला तुरट लागतो आणि वर साय धरलेली असते. असा कप आला तर "ताजा झाला की द्या, थांबते" एवढंच सांगा. कोणी वाईट वाटून घेत नाही.

आता ब्रुन आणि बन यांतला फरक, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याचा घोळ इथेच होतो. बन गोडसर आणि मऊ. कणकेत साखर आणि थोडं तूप किंवा लोणी असतं, काही ठिकाणी मनुका किंवा टुटीफ्रुटीही. ब्रुन म्हणजे कडक पाव : मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, जवळजवळ एवढंच. बाहेरचं कवच दाताखाली कडकन मोडायला हवं आणि आतला गाभा हलका, जाळीदार हवा. गोव्यात उंडो खाल्ला असेल तर त्याच्याच कुळातला समजा. बनमध्ये साखर आणि स्निग्धांश असल्याने तो संध्याकाळपर्यंत मऊ राहतो. ब्रुनचं आयुष्य मात्र काही तासांचं. गाभ्यातला ओलावा हळूहळू कवचात येतो, मुंबईची दमट हवा बाहेरून भर घालते, आणि कडक कवच चामड्यासारखं चिवट होतं. पावसाळ्यात तर तीन-चार तासांतच. म्हणून ब्रुनमस्का सकाळी किंवा चारनंतर, आणि अवेळी गेलात तर बनमस्का. ब्रुन बांधून घेऊन हॉटेलच्या खोलीवर रात्री खायचा बेत करू नका. प्लास्टिकच्या पिशवीत तर तो वाटेतच मरतो.

मस्क्याबद्दल मी जरा हट्टी आहे. खारं लोणीच हवं, कारण गोड चहाला त्यातल्या मिठाची जोड लागते. पांढरं लोणी लावून मिळालं तर चव सपाट होते. थर किती असावा? पाव उघडला की गाभा दिसू नये इतका. फ्रीजमधलं घट्ट लोणी लावलं की बन फाटतो आणि गोळे राहतात. चांगल्या ठिकाणी लोणी बाहेर काढून ठेवलेलं असतं, म्हणून ते काठापर्यंत एकसारखं पसरतं. काही स्वस्त ठिकाणी लोण्यात मार्गरिन मिसळतात. ओळखायची खूण म्हणजे खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा पापुद्रा चिकटून राहतो. खरं लोणी तोंडाच्या उबेने विरघळून जातं.

बुडवण्याची रीतही पावागणिक वेगळी. ब्रुनचा तुकडा मोडून दोन-तीन सेकंद चहात धरा. कवच चहा पितं पण तुटत नाही. बन फक्त टेकवायचा, नाहीतर अर्धा कपात राहतो. खारी आडवी धरू नका, तिचे थर एकदम चहा ओढतात आणि अलगद सुटतात. एक टोक उभं बुडवायचं, मनात दोन म्हणायचं आणि तोंडात टाकायचं. चहावर लोण्याचे पिवळे थेंब तरंगू लागले की शेवटचे दोन घोट सर्वांत चांगले लागतात, ते सोडू नका.

चहा सांगताना "पानी कम" म्हणालात तर दूध जास्त, पाणी कमी असा दाट चहा येतो. पहिल्यांदा तोच घ्या. साखर गृहीत धरलेली असते आणि ती भरपूर असते. जिथे कोरा काढा आणि दूध वेगळं ठेवून कपात मिसळतात तिथे साखर कमी करून मिळू शकते, एकत्र उकळलेल्या चहात ते शक्य नसतं. म्हणून आधी विचारा. कप लहान असतो, दोन लागतात. दोन्ही एकदम मागवू नका, पहिला पावाबरोबर आणि दुसरा केकबरोबर ठेवा.

अंडं खात नसाल तर एक सांगते. ब्रुनमध्ये सहसा अंडं नसतं. बनवर चकाकीसाठी कधी दुधाचा, कधी अंड्याचा हात फिरवतात, तेव्हा विचारून घ्या. मावा केकमध्ये अंडं असतंच, आणि भट्टी सगळ्यांना एकच असते. अंडं चालत असेल तर सकाळच्या पोटभरीला आकुरी किंवा ओम्लेट-पाव घ्या. आकुरी म्हणजे कांदा, मिरची, कोथिंबीर घालून मंद आचेवर हलवलेली अंडी. ती ओलसर असायला हवी. कोरडी भुर्जी पुढ्यात आली तर ती आकुरी नव्हे. मांसाहार चालत असेल तर खिमा-पावही आहेच, पण त्या दिवशी बनमस्क्याला पोटात जागा उरत नाही.

आता ठिकाणं. ही हॉटेलं काढणारे मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आणि विसाव्याच्या पहिल्या दशकांत इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून आलेले झरतुष्ट्री. आधी येऊन स्थिरावलेल्या पारशांहून त्यांची ओळख वेगळी, म्हणून लोकांनी त्यांना इराणी म्हटलं. चौकाच्या कोपऱ्यावरचं दुकान, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या आणि भिंतीवर आरसे हा त्यांचा ठरलेला थाट. आरशांमुळे छोटी जागा मोठी दिसते आणि गल्ल्यावर बसून सगळ्या टेबलांवर नजर राहते.

मुंबईचा पहिला दिवस धोबीतलावाला द्या. मेट्रो सिनेमासमोर १९०४ सालचं कयानी अँड कंपनी आहे, मरीन लाइन्स स्टेशनातून चालत जाता येतं. तिथून काही मिनिटांच्या चालीवर १९१३ सालचं ससानियन. सकाळी साडेसातला कयानीत बसा, एक ब्रुनमस्का आणि पानी कम चहा घ्या, मग पाय मोकळे करत ससानियनला जाऊन काचेच्या कपाटातलं बघा. एकाच ठिकाणी सगळं मागवून पोट भरण्यापेक्षा दोन्हीकडे थोडं थोडं खाल्लं तर फरक कळतो. दुसऱ्या दिवशी माटुंग्याला किंग्ज सर्कलवरचं कुलर अँड कंपनी. तिथे ओम्लेट मागवा आणि कोपऱ्यातली जागा मिळाली तर रस्ता बघत बसा. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं आणि बेरी पुलावासाठी नावाजलेलं, पण ते दुपारच्या जेवणाचं ठिकाण आहे. चहा-पावाच्या यादीत त्याला घालून घोळ करू नका.

पुण्यात डेक्कनला गुडलक, १९३५ पासून. त्या चौकालाच गुडलक चौक म्हणतात, रिक्षावाल्याला वेगळा पत्ता सांगावा लागत नाही. रविवारी सकाळी तिथे जागेसाठी उभं राहावं लागतं, तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशी सातच्या सुमारास जा. पुणे स्टेशनच्या बाजूला, जहांगीर हॉस्पिटलजवळ वोहुमन आहे, चीज ओम्लेटसाठी प्रसिद्ध. स्टेशनवरून थेट जायचं तर ते सोयीचं. कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी मुंबईच्या कयानीहून वेगळी. तिथे बसायला जागा नाही, रांगेत उभं राहून श्रूजबेरी बिस्किटं आणि मावा केक घेऊन निघायचं. ती दुपारी काही तास बंद असते आणि रविवारी उघडत नाही, म्हणून तुमचा पुण्याचा दिवस रविवार नको.

ही बहुतेक दुकानं घरच्या माणसांनी चालवलेली. दुरुस्ती, घरातलं कार्य, सण अशा कारणांनी बंद असतात. २१ मार्चचा जमशेदी नवरोज आणि ऑगस्टमधलं पारशी नववर्ष या दिवशी तर फोन करूनच निघा.

एकटीने जायला काहीच अडचण नाही. उलट एकट्या माणसाला लवकर जागा मिळते, कारण चौघांच्या टेबलावर अनोळखी माणसांना बसवण्याची तिथे जुनी पद्धत आहे. समोर कोणी येऊन बसलं तर दचकू नका, तुम्हीही बसलेल्या टेबलाशी "इथे बसू?" असं विचारून बसू शकता. अर्धा-पाऊण तास निवांत बसा, कोणी उठवत नाही. पण सकाळी दारात माणसं उभी असतील तर एका चहावर दोन तास काढणं बरं नाही. अनेक ठिकाणी पैसे गल्ल्यावर जाऊन द्यायचे असतात. मोबाइलवरून पैसे घेतात तसं काही जण नाकारतातही, तेव्हा जवळ पन्नास-शंभरच्या नोटा आणि सुटे ठेवा. फोटो काढायचा तर गल्ल्यावर विचारून काढा.

मावा केकला नाव मिळवून दिलं ते ग्रँट रोड स्टेशनजवळच्या १९१४ सालच्या बी. मेरवानने. तिथला केक सकाळीच संपून जायचा. चांगला मावा केक ओळखायचा कसा? खालचा कागद तुपाने पारदर्शक झालेला असतो. बोटाने हलकं दाबलं की खळगा सावकाश भरून येतो. वास वेलदोड्याचा यायला हवा, बाटलीतल्या अर्काचा नको. तोडल्यावर गाभा दाणेदार आणि किंचित ओलसर दिसतो. वरचा रंग गडद तपकिरी असेल तर तो भट्टीत जास्त राहिलाय आणि घशाला कोरडा लागेल.

घरचा चहा जमतो, फक्त दूध आणि चहा एकत्र उकळायचा नाही. एकत्र उकळलं की दुधातलं प्रथिन चहातल्या तुरट द्रव्याला धरून ठेवतं, आणि कितीही पत्ती घातली तरी चव बोथट राहते. चार लहान कपांसाठी ३०० मिली पाणी उकळा, त्यात सपाट चार चहाचे चमचे कडक आसाम ममरी किंवा बारीक पूड आणि तेवढीच साखर घाला. घट्ट झाकण ठेवून अगदी मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं राहू द्या. मधे झाकण उघडून बघितलंत तर वास उडून जातो. हैदराबादच्या इराणी हॉटेलांत हाच दम भांड्याचं तोंड बंद करून बराच जास्त वेळ देतात. शेजारच्या शेगडीवर अर्धा लिटर सायीचं दूध ढवळत ढवळत ३५० मिलीपर्यंत आटवा. कडेची साय खरवडून परत दुधात मिसळा, तळाला लागू देऊ नका, कारण करपलेल्या दुधाचा वास कशानेच झाकत नाही. काढा कापडातून गाळून कपात एक भाग घ्या आणि वरून दोन भाग गरम दूध ओता. आलं-वेलची नको. तो चहा वेगळा आणि चांगलाच, पण इराण्याचा नव्हे. चव पातळ लागली तर पुढच्या खेपेला पत्ती वाढवू नका, दूध आणखी थोडं आटवा. पत्ती वाढवली की फक्त कडूपणा वाढतो.

नागपूरला न्यायची खरेदी पुण्यातच शेवटी करा. श्रूजबेरी हवाबंद डब्यात आठ-दहा दिवस छान राहतात, पण भारी ठिसूळ असतात, तेव्हा खोका हातातल्या पिशवीत वरच्या बाजूला ठेवा. खारी न्यायचीच असेल तर आधी वास घ्या, जुन्या खारीला खवट तेलाचा वास येतो. मावा केक मात्र त्याच दिवशी गाडीत बसणार असाल तरच घ्या. उन्हाळ्यात बाहेर तो दीड दिवसाच्या पुढे ठेवू नये. घरी पोचल्यावर उरलेले फ्रीजमध्ये ठेवलेत तर खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, कारण थंड असताना त्यातलं लोणी घट्ट राहतं आणि चांगला केकही कोरडा लागतो.