घराचा विमा घेताय? आधी पाण्याचं बघा

भाऊ, विमा जागेच्या बाजारभावावर काढू नका. भारत गृह रक्षा पॉलिसीत घराचा कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले नव्यानं बांधायचा दर, एवढाच हिशेब. प्लॉटची किंमत धरत नाहीत. हप्ता त्या रकमेवर बसतो. पांझरा नदीकाठचं घर आणि टेकाडावरचं घर कंपनी एकाच मापानं मोजेल असं नाही. मातीच्या धाब्याचं घर असेल तर फॉर्मवर ‘आरसीसी’ लिहून मोकळे होऊ नका, एजंट काहीही म्हणो. क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर छत बघतोच. पूर, फुटलेला पाइप, भरून वाहिलेली टाकी हे कव्हर होतं. वर्षानुवर्षं झिरपणारी ओल मात्र देखभालीत मोडते, त्याचे पैसे मिळत नाहीत. पावसाळ्याआधी गच्चीचे, भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा.