गाडीच्या खालून गंज लागू नये म्हणून घरीच कोटिंग करतोय का? मग आधी हे वाच

भाऊ, घरी नक्की जमते, फक्त घाई नको करू. आपल्या नागपुरात एप्रिल-मे म्हणजे या कामासाठी सोनंच आहे, धुतलेली गाडी एका दिवसात खडखडीत वाळते, जूनच्या मध्यात पाऊस सुरू झाला की मग ओल जातच नाही. मात्र पत्रा तापलेला असताना मारू नको, सकाळी सात-आठलाच उरक, आणि स्प्रेचा डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नको, ५० डिग्रीच्या वर तो फुटू शकते.

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीच शिरू नको, जॅक स्टँड (गाडी पेलून धरणारं लोखंडी टेकण) पाहिजेच पाहिजे. डोळ्यांवर चष्मा पण लाव.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गंजावरच काळा कोट मारणे. मी पहिल्यांदा तेच केलं, वरून चकाचक दिसत होतं, दोन पावसाळ्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर पापुद्रा निघाला अन् आत सगळा लाल भुगा. म्हणून पहिले वायर ब्रशने सुटा गंज काढ, मग रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाला घट्ट थरात बदलणारं रसायन), तो वाळला की कोट.

इथे कोट लागू देऊ नको:
- सायलेन्सर (तापला की धूर अन् वास)
- ब्रेक डिस्क, ड्रम
- रबरी बुश (चाकाच्या जोडांमधले रबराचे तुकडे)
- दाराखालच्या पट्टीतली पाणी निघायची भोकं, ही बुजली की पाणी आतच साचते अन् पत्रा आतून सडते

दोन पातळ हात मार, एक जाड नको. जुनं इंजिन ऑइल फासायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नको, रबर खराब होते. एका चाकाच्या कमानीपासून सुरुवात कर, फोटो टाक, पाहून सांगतो.