कोल्हापुरात शिकायला आहे. मतदार यादीत नाव इथे घालू की गावाकडे?

भावा, तू लिहिलंयस की गाव गारगोटीजवळ, राजारामपुरीत भाड्याच्या खोलीत राहतोस, ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाली आणि यादीत अजून नाव कुठंच नाही. शिकणाऱ्या पोराला आईवडिलांच्या घरचा पत्ता किंवा शिकायच्या ठिकाणचा पत्ता, यातला कुठलाही एक देता येतो. एकच. दोन्हीकडे नाव घालणं कायद्यात बसत नाही, आणि अर्जात खोटं लिहिलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

माझं मत विचारशील तर गावाकडे घाल. लोकसभेला तसा फरक पडत नाही, गाव आणि शहर दोन्ही कोल्हापूर मतदारसंघातच येतात. पण विधानसभेला तुझं गाव राधानगरीत जातं, शिवाय ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आहेच. पाणंद, पाणी, शाळा हे सगळं तिथं ठरतं आणि तुझं घर तिथं आहे. मतदानाला सुट्टी असते, सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येशील. येणं-जाणं जमणारच नसेल तरच इथे घाल. मात्र भाडेकरार पुरावा म्हणून द्यायचा तर तो नोंदणी केलेला लागतो, आणि खोलीमालक तसा करार सहसा करून देत नाहीत. तुझ्या आधारवर गावचा पत्ता असेल तर गावाकडचं काम सोपं आहे.

फॉर्म सहा नंबरचा. निवडणूक आयोगाच्या ॲपवर भरता येतो, नाहीतर गावच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे दे. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण लागायची. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही तारखा धरतात, म्हणजे तू १ ऑक्टोबरला पात्र झालास.

निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नकोस, हे मी हात जोडून सांगतो. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जांच्या मुदतीच्या आसपास नवी नावं थांबतात. जिल्हा परिषद, महापालिकेला तर राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशीची विधानसभेची यादी घेतो. त्यानंतर आलेलं नाव त्या निवडणुकीला चालत नाही.

२०१९ च्या विधानसभेला मी शिवाजी पेठेतल्या जुन्या केंद्रावर वडिलांबरोबर रांगेत उभा होतो. घर बदललेलं, पण खिशात मतदार कार्ड होतं म्हणून निर्धास्त. यादीत माझ्या नावावर काट मारलेली, कारण स्थलांतरित. परत येताना वडिलांच्या बोटाला शाई आणि माझं बोट कोरं. दिवसभर घरात कुणाशी धड बोललो नाही. कार्ड नसलं तरी आधार, पॅन, लायसन्स, फोटो असलेलं बँकेचं पासबुक यातलं काहीही चालतं. यादीत नाव नसलं तर कार्डाचा काही उपयोग नाही. पत्ता बदलला की तसा अर्ज करायचा असतो, ते मी केलं नव्हतं. आता त्यासाठी आठ नंबरचा फॉर्म आहे.

म्हणून अर्जाचा क्रमांक जपून ठेव, बीएलओ घरी चौकशीला येईल तेव्हा आईला माहीत असू दे. यादीत नाव आलं की स्पेलिंग बघ, आणि मतदानाच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा बघून भाग क्रमांक, अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून घे. काही अडलं तर १९५० ला फोन कर.