शिकार आणि टार्गेट दोन्हीसाठी चांगली एअर रायफल कोणती घ्यावी?

तुम्ही विचारलंय की साताऱ्याकडे शेत आहे, बजेट पंचवीस हजारांपर्यंत आहे, ससे-तितर अशी छोटी शिकारही जमेल आणि टार्गेटवर नेमही धरता येईल अशी दणकट एअर रायफल हवी. शिवाय आठवीतल्या मुलीलाही शिकवायचं आहे.

यातली शिकार आधी खोडून टाका. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि छर्ऱ्याची बंदूक म्हणून त्यातून सूट मिळत नाही. ससा, तितर, लावा, होला, हरियाल हे सगळे संरक्षित आहेत. हरियाल तर आपला राज्यपक्षी. शेत तुमच्या नावावर असलं तरी त्यातला ससा तुमचा होत नाही. कायद्यात शिकारीची व्याख्याही मोठी आहे. जखमी करणं, पकडणं, एवढंच काय तसा प्रयत्न करणंसुद्धा शिकारच, म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा ठरतो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, प्राणी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्यांच्या यादीतला असेल तर शिक्षा याहून कडक, आणि बंदूक जप्त होते ती वेगळीच. गावाकडे ‘एवढं कोण बघतंय’ म्हणणारे भेटतील. त्यांच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न पिकाच्या नासधुशीचा असेल तर पंचनामा आणि नुकसानभरपाईसाठी वनविभागाकडे जा. रानडुकराला छर्रा मारून ते मरत नाही, चिडतं. आणि घुशी-उंदरांना पिंजरा बंदुकीपेक्षा बरा.

तुमच्या डोक्यात ही ‘शिकार अधिक टार्गेट’ जोडी बहुधा व्हिडिओंमधून आली असावी. ते व्हिडिओ अमेरिकेतले किंवा ब्रिटनमधले असतात. अमेरिकेत अनेक राज्यांत खारी आणि ससे एअर रायफलने मारायला परवानगी आहे, ब्रिटनमध्ये सशांसाठी ती सर्रास वापरतात, म्हणून तिथले लोक ०.२२, ०.२५ इंच अशी मोठी बोअर (नळीच्या आतला व्यास) आणि जास्त ताकद यावर तासन् तास बोलतात. त्यांच्या गरजेला ते बरोबरच आहे, आपल्याकडे मात्र ती सगळी चर्चा निरुपयोगी. आपल्याकडेही वारं उलट दिशेला वाहतंय. अरुणाचल प्रदेशात, जिथे घराघरात एअरगन असायची, तिथे २०२१ पासून ‘एअरगन सरेंडर अभियान’ सुरू झालं आणि लोकांनी आपणहून बंदुका जमा केल्या.

आता रायफलकडे येतो. शिकार वगळली की निवड फार सोपी होते, कारण ताकदीचा हव्यास आपोआप गळून पडतो. तोच हव्यास नवशिक्याचे पैसे खातो आणि नेमही बिघडवतो.

आधी कायद्याची मर्यादा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे बोअर ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तर परवाना हवा. म्हणून ०.२२ चा विचार सोडा, ‘आमच्याकडे मिळते, काही होत नाही’ असं दुकानदार छातीठोकपणे सांगत असला तरी. अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या, पक्कं बिल घ्या आणि त्याची एक प्रत रायफलच्या केसमध्येच ठेवा. गाडीतून नेताना नाकाबंदीला पोलिसाने विचारलं तर तो कागद दाखवणं सगळ्यात सोपं.

२० ज्यूल म्हणजे किती, ते एकदा समजून घ्या, म्हणजे खोक्यावरचे आकडे पाहून भुलणार नाही. नेहमीचा मॅच छर्रा, म्हणजे स्पर्धेचा छर्रा, साधारण अर्ध्या ग्रॅमचा, नेमकं धरायचं तर ०.५२ ग्रॅम. तो सेकंदाला सुमारे २७७ मीटर, म्हणजे ९१० फूट वेगाने सुटला की २० ज्यूल पूर्ण होतात. आता खोक्यावर ‘१२५० फूट’ लिहिलेलं असतं. तो वेग बहुतेक वेळा शिशाच्या छर्ऱ्याने मोजलेलाच नसतो, हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्याने मोजलेला असतो. आणि खरंच तेवढा मिळाला, तर छर्रा आवाजाच्या वेगाच्या आसपास जाऊन डगमगायला लागतो, कागदावर भोकं विखुरतात. म्हणजे जास्त पैसे मोजून नेम वाईट.

दुसऱ्या टोकाला बघा. ऑलिम्पिकमधली १० मीटर एअर रायफल सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने छर्रा सोडते. हिशेब केलात तर ऊर्जा जेमतेम साडेसात ज्यूल येते. अभिनव बिंद्राचं २००८ चं बीजिंगचं सुवर्ण आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचं २०२२ चं कैरोतलं जागतिक विजेतेपद, दोन्ही याच प्रकारात. त्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेन्सिलीने टेकवल्यासारखा. तिथे ताकदीचा काही उपयोग नाही. उपयोग असतो तो चांगल्या नळीचा, हलक्या आणि दर वेळी एकाच जागी सुटणाऱ्या ट्रिगरचा आणि अंगाला बसणाऱ्या दस्त्याचा.

तुमच्या बजेटमध्ये मुख्यतः स्प्रिंगवाली ब्रेक बॅरल येईल, म्हणजे रायफल मधोमध मोडून नळी खाली दाबायची, स्प्रिंग ताणली जाते, छर्रा घालायचा, नळी बंद करायची. जत्रेत फुगे फोडायला असते त्याच जातीची, फक्त नीट बनवलेली. दुसरा प्रकार पीसीपी, म्हणजे आधी हवा भरून ठेवलेली नळकांडी असलेली रायफल. तिला धक्का जवळजवळ नसतो, ती मोडावी लागत नाही, शिकायला उत्तम. पण रायफलची किंमत जास्त, वर पंप किंवा सिलिंडरचा खर्च. हातपंपाने दोनशे बार (हवेच्या दाबाचं एकक) दाबापर्यंत हवा भरणं म्हणजे घाम काढणारं काम आहे, आठवीतल्या मुलीच्याने ते होणार नाही, तुम्हालाच करावं लागेल. प्रिसिहोल या आपल्या महाराष्ट्रातल्या कंपनीच्या दोन्ही प्रकारच्या रायफली मिळतात, आणि सुट्या भागांसाठी देशातच दार ठोठावता येतं हा मोठा फायदा. आयात केलेल्या वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, आन्शुट्झ या मॅच रायफली लाखांत जातात, सध्या त्यांचं नावही काढू नका.

माझं मत विचाराल तर, तुम्ही दोघं शिकणार असाल तर मध्यम ताकदीची स्प्रिंगवाली घ्या, सगळ्यात जोरदार मॉडेल नको. जोरदार स्प्रिंग म्हणजे मोडायला जड, सुटताना जास्त झटका, आणि पंचवीस-तीस फैरींनंतर हात दमतो. मग नेमाचा सराव न होता नुसता व्यायाम होतो. दुकानात स्वतः मोडून बघा, मुलीलाही मोडून बघू द्या. तिला दोन्ही हातांनी जमत नसेल तर ती रायफल तिच्यासाठी नाही, कितीही चांगली असली तरी. खांद्याला लावून बघा. मान ताणावी न लागता डोळा सरळ साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणेच्या, मागे यायला हवा. दस्ता लांब असेल तर मूल पाठीतून मागे वाकतं आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असावा. पहिला टप्पा हलका, मग बोटाला एक भिंत लागते, आणि तिथून थोडा दाब वाढवला की सुटतो. एकाच टप्प्यात खेचत राहावं लागणारा आणि कधी सुटेल ते कळू न देणारा ट्रिगर असेल तर ती रायफल परत ठेवा.

साइटबद्दल लोक सगळ्यात जास्त फसतात. हिरवी-लाल चमकणारी फायबर ऑप्टिक साइट छान दिसते, पण कागदी टार्गेटवर तो चमकता ठिपका काळ्या वर्तुळाचा अर्धा भाग झाकतो. साधी काळी, चौकोनी पुढची साइट बरी. आणि सोबत फुकट मिळणारी दुर्बीण मुळीच नको. स्प्रिंगची रायफल सुटताना आधी मागे आणि लगेच पुढे असे दोन झटके देते. दारूच्या बंदुकीवर टिकणाऱ्या दुर्बिणीसुद्धा या पुढच्या झटक्याने खिळखिळ्या होतात. घ्यायचीच तर एअर रायफलसाठीच बनवलेली, आणि १० मीटरवर फोकस होणारी घ्या. पण मुलीला स्पर्धेत उतरायचं असेल तर दुर्बीण तिथे चालतच नाही. शालेय पातळीवर ओपन साइट (साधी उघडी खाच) आणि पीप साइट (बारीक छिद्रातून बघायची) असे वेगळे गट असतात. ओपन साइटचा गट तुमच्यासारख्या बजेटवाल्यांसाठी सोयीचा, साध्या रायफलवर मूल स्पर्धेचा अनुभव घेऊ शकतं.

स्प्रिंगच्या रायफलची एक गंमत अशी की ती घट्ट आवळून धरली तर नेम बिघडतो. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच पिस्टनचा झटका बसलेला असतो, त्यामुळे तुम्ही ती जशी धराल तसा छर्रा जातो. डाव्या तळव्यावर नुसती ठेवायची, खांद्याला हलकेच टेकवायची, आणि दर वेळी अगदी त्याच जागी. रायफल वाईट आहे म्हणून परत करायला निघालेल्या निम्म्या लोकांचा दोष पकडीत असतो. शिवाय नवी रायफल पहिले दोन-तीनशे छर्रे नीट बसत नाही, आत तेल-ग्रीस असतं, कधीकधी धूरही येतो. तोवर तिच्याबद्दल मत बनवू नका. आणि कुणाचं ऐकून आत शिवणयंत्राचं तेल ओतू नका. दाबलेल्या हवेने ते पेट घेतं, मोठा आवाज होतो आणि सील जातं.

छर्रे कागदासाठी चपट्या डोक्याचेच घ्या, त्यांनी भोक स्वच्छ गोल पडतं आणि गुण मोजता येतात. टोकदार छर्रे दिसायला भारी, नेमाला मात्र सगळ्यात बेभरवशाचे. दोन-तीन वेगवेगळे डबे आणा, रायफल टेकू देऊन १० मीटरवर प्रत्येकाच्या पाच-पाच फैरी झाडा. ज्याची भोकं सर्वांत जवळ पडतील तो डबा तुमचा, मग तो स्वस्तातला का असेना. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, आणि छर्रा दातात धरायची सवय मुलीला लागू देऊ नका.

शेतात रेंज, म्हणजे नेमबाजीची जागा, करणार असाल तर नळीच्या तोंडापासून नव्हे, उभं राहायच्या रेषेपासून टार्गेटपर्यंत १० मीटर मोजा. टार्गेटचं मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. मागे मातीचा उंच बांध किंवा मातीने भरलेली पोती हवीत. नुसती फळी, पत्रा किंवा दगडी भिंत नको, छर्रा उलटा येतो. दोघांनीही चष्मा लावायचाच. झाडावर डबा टांगून मारायचा मोह होईल, पण चुकलेला छर्रा शेजारच्या शेतापलीकडेही जातो आणि तिथे कोण वाकून खुरपतंय ते दिसत नाही. छर्रा घालताना एका हाताने नळी धरून ठेवा. ट्रिगर चुकून दाबला गेला तर नळी झटक्याने मिटते आणि बोटं चेंगरतात. रायफल कपाटात कुलपात, छर्रे दुसरीकडे.

खरं तर विकत घ्यायच्या आधी एक फेरी रेंजवर मारा. तुम्हाला पुण्याची बालेवाडी आणि कोल्हापूर दोन्ही जवळ. पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांची अकादमी आहे, मुंबईत वरळीची रेंज. बऱ्याच ठिकाणी शिकणाऱ्याला क्लबची रायफल वापरायला देतात. महिना-दोन महिने मुलीने तिथे घालवले तर तिला उजवा डोळा चालतो की डावा, रायफल किती वजनाची झेपते, मुळात आवड आहे का, हे सगळं कळेल, आणि तुमचे पंचवीस हजार योग्य जागी जातील. तिने खरंच मनावर घेतलं तर स्प्रिंगवाली तुम्हाला ठेवून तिच्यासाठी जुनी मॅच रायफल बघता येईल. क्लबमध्ये मोठी झालेली किंवा खेळ सोडलेली मुलं त्या विकत असतात. तशी घेताना बाकी काही बघा न बघा, हवेच्या नळकांड्यावरची तारीख जरूर बघा. बनवल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं, त्यानंतर ते स्पर्धेत चालत नाही, आणि नवं नळकांडं घ्यायचा खर्च विकणारा कधी आपणहून सांगत नाही.