परीला पंख कुणाचे?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेची तयारी करते. जुन्या इंग्रजी जलरंगातल्या पऱ्या बघून ती सारखी तशाच पऱ्या काढते. त्यांना फुलपाखराचेच पंख का असतात? बाजूला अळंबीच्या छत्र्या का? अन् आपल्या खेड्यात बसून हे काढण्यात काही अर्थ आहे का?
— एक आई, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, काढू द्या तिला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गिरण्यांचा धूर आणि रेल्वे पसरत गेली, त्याच काळात तिथल्या चित्रकारांनी पऱ्या हौसेनं रंगवल्या. हातून सुटत चाललेलं रान त्यांनी परीच्या रूपात धरून ठेवलं, असं मला वाटतं. देवदूताला पिसांचे पंख असतात, कारण तो स्वर्गातला. परी याच मातीतली, म्हणून तिला फुलपाखराचे, असं मी समजतो. अळी, कोश आणि मग पंख, यामुळे ग्रीकांनीही फुलपाखरात आत्मा पाहिला.

छत्र्यांचं म्हणाल, तर जमिनीखालची बुरशी चहूबाजूंनी पसरते, म्हणून त्या गवतात गोल उगवतात. तिथे रात्री पऱ्या नाचतात अशी तिकडची समजूत. इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकच्या १७८६ च्या सुमाराच्या जलरंगात पऱ्यांनी असाच फेर धरला आहे. मात्र परी नेहमी गोडच असते असं नाही. जॉन अ‍ॅन्स्टर फिट्झगेराल्ड या चित्रकाराच्या एका चित्रात पऱ्यांनी रॉबिन पक्ष्याला कैद केलंय. ते चित्र मुलीला जरूर दाखवा.

इंग्रज चित्रकार सिसिली मेरी बार्करच्या फूल-पऱ्यांचं पहिलं पुस्तक १९२३ चं. बहिणीच्या बालवाडीतली मुलं समोर उभी करून, खरं फूल बघून तिनं त्या रंगवल्या. माझा सगळा भर या खरं बघून काढण्यावर आहे. तुमच्या भागात ऐनाच्या झाडावर कोसा, म्हणजे टसर रेशमाचा कोश, होतो. कोशातून निघालेलं पाखरू मुलीला जवळून बघू द्या. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि डोळ्याच्या मधोमध काचेसारखा पारदर्शक तुकडा. हे पाखरू काही खात नाही, थोड्याच दिवसांत मरतं. परीला याहून योग्य पंख कुठले मिळणार?

त्या तुकड्याच्या जागी कागद कोरा सोडायला सांगा, पांढरा रंग लावू नये. बाकी पंखावर पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, द्यावा, तो पुरता वाळल्यावरच दुसरा. आपल्याकडे मे महिन्यात वॉश पसरण्याआधीच कडा धरतो, म्हणून कागद मागूनही ओला करावा आणि काम सकाळी ऊन चढण्याआधी उरकावं.
— निवृत्त चित्रकला शिक्षक, जि. भंडारा